हुकूमनामा हाती, हळद पेवाबाहेर

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या अण्णांची हळदीची आडत होती. १९८७ सालच्या मार्च महिन्यात दिवाणी न्यायालयाने त्यांच्या एका जुन्या दाव्याचा निकाल दिला. येणे १,८६,००० रुपयांचे होते. त्यावर दावा दाखल केल्या दिवसापासूनचे व्याज आणि दाव्याचा खर्च प्रतिवादीने द्यावा, असा हुकूमनामा झाला. अण्णांनी पेढीवर पेढे वाटले. दिवाणजींनी हुकूमनाम्याची नक्कल लाल कापडात गुंडाळून वह्यांच्या कपाटात ठेवली.

पुढे अडीच महिन्यांनी वसुलीची दरखास्त दाखल झाली. जप्तीचे वॉरंट निघाले आणि बेलीफ हरिपूरच्या पेवांवर गेला. हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे आणि प्रतिवादी व्यापाऱ्याची सारी पुंजी याच पेवांत आहे, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होते. पेवे उघडली तेव्हा आत एक हळकुंडही नव्हते. राहते घर चार महिन्यांपूर्वीच नोंदणीकृत खरेदीखताने मेहुण्याच्या नावे झालेले होते. दुकानाचा गाळा भाड्याचा. बँकेच्या चालू खात्यात ४१२ रुपये.

मी त्या वेळी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोठ्या आवेशाने अण्णांना विचारले, ''न्यायालयाने सांगूनही तो देत नाही, म्हणजे काय?'' अण्णा शांतपणे म्हणाले, ''पेव रिकामे होत आहे, हे मला गणपतीतच कळले होते. हमालांनीच येऊन सांगितले होते.''

''मग तुम्ही वकिलांना का नाही सांगितले?''

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''त्याच्या मुलीचे लग्न ठरत होते, बाळ. त्या दिवसांत त्याच्या मालावर जप्ती आणायची?''

पुढील सहा वर्षांत हप्त्याहप्त्याने मूळ रकमेचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती आला. उरलेला दरखास्तीच्या कागदांतच राहिला.

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत थकलेल्या येण्याविषयीची पत्रे सर्वांत अधिक असतात आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात एकसारखी असते: ''निकाल आमच्या बाजूने लागला आहे, तरीही…'' हे 'तरीही' टाळण्यासाठी कायद्याने कोणती व्यवस्था केली आहे, ती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा उलटते, याचा विचार या वेळी करू. पोलिसांनी तपासात खाते गोठवणे किंवा करखात्याने जप्ती आणणे हे विषय निराळे आहेत. येथे आपण केवळ दिवाणी न्यायालयाविषयी बोलत आहोत.

निकाल म्हणजे वसुली नव्हे

पैशाचा हुकूमनामा म्हणजे अमुक इसमाने अमुक रक्कम द्यावी, असे न्यायालयाने ठरवून दिलेले असते. ती रक्कम न्यायालय आपण होऊन आणून देत नाही. त्यासाठी निकालाच्या तारखेपासून १२ वर्षांच्या आत निराळी दरखास्त करावी लागते. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, असे उद्गार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली दरभंगा संस्थानाच्या एका प्रकरणात काढले होते. दीडशे वर्षे लोटली, तरी ते वचन जुने झालेले नाही. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. २०२५ साली त्याच न्यायालयाने देशभरातील आकडे मागवले, तेव्हा प्रलंबित दरखास्तींची संख्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक निघाली. त्यांत सर्वाधिक वाटा आपल्या महाराष्ट्राचा होता.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. दावा चालू असताना प्रतिवादीला आपली मालमत्ता विकता येत नाही, असे अनेकांना वाटते. जमिनीच्या मालकीचा वाद असेल, तर त्या जमिनीच्या विक्रीवर दाव्याचे सावट राहते, हे खरे आहे. परंतु विकलेल्या मालाच्या किमतीसाठी आपण दावा करतो, तेव्हा प्रतिवादीचे घर किंवा गोदाम हा वादाचा विषयच नसतो. ते विकण्यास त्याला केवळ दाव्यामुळे कोणतीही आडकाठी येत नाही. अण्णांचा दावा साडेतीन वर्षे चालला आणि तेवढा काळ पेवाचे तोंड कायद्याच्या दृष्टीने मोकळेच होते.

निकालापूर्वीची जप्ती

ते तोंड बंद करण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेत १९०८ पासून आहे. आदेश ३८, नियम ५ असे त्याचे स्थान. निकालानंतरच्या वसुलीत अडथळा किंवा विलंब व्हावा, या हेतूने प्रतिवादी आपली मालमत्ता विकून टाकण्याच्या किंवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्याच्या बेतात आहे, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर न्यायालय त्याला मुदत घालून देते. त्या मुदतीत त्याने पुरेसे तारण द्यावे, अथवा तारण का देऊ नये याचे कारण दाखवावे. ही संधी देतानाच मालमत्तेवर सशर्त जप्तीही आणता येते. मात्र ही नोटीस न देता एकदम केलेली जप्ती शून्यवत ठरते. तारण दिले की जप्ती उठते. दावा फेटाळला गेला, तरीही उठते. दावा जिंकला, तर त्याच मालमत्तेवर पुन्हा जप्ती आणावी लागत नाही, आधीचीच पुढे चालते.

येथे 'हेतू' हा शब्द अधोरेखित करावा. येणे खरे आहे एवढ्यावर भागत नाही. माल हलतो आहे, एवढेही पुरत नाही. निकाल निष्फळ करण्यासाठीच तो हलवला जात आहे, हे दाखवावे लागते. २००७ साली 'रामन टेक अँड प्रोसेस इंजिनिअरिंग कंपनी विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा स्पष्ट केली. हा अधिकार कठोर व असाधारण असून तो यांत्रिकपणे वापरू नये. विनातारण दिलेल्या उधारीचे सतारण कर्जात रूपांतर करणे हा त्याचा उद्देश नाही. आणि धंदा एका जागेतून दुसऱ्या जागेत नेणे एवढेच काही जप्तीचे कारण होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असल्याचेही वादीला आधी दाखवावे लागते.

नियम १२ मध्ये आणखी एक मर्यादा आहे. शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमालावर निकालापूर्वी जप्ती मागता येत नाही. हीच हळद व्यापाऱ्याच्या पेवात गेली की हे संरक्षण उरत नाही. अण्णांना हमालांनी दिलेली खबर त्याच आठवड्यात शपथपत्रावर आली असती, तर निदान न्यायालयापुढे उभे राहण्यास आधार मिळाला असता.

नाक दाबण्याचा मोह

आता याची दुसरी बाजू सांगतो. सुमारे १२ वर्षांपूर्वी सुताचे एक व्यापारी माझ्याकडे आले. एका यंत्रमागधारकाकडे त्यांचे २३ लाख रुपये अडकले होते. ''त्याचे माग, खाते, घर, सगळे गोठवून टाका. नाक दाबले की तोंड आपोआप उघडेल,'' असे त्यांचे म्हणणे होते. कारण काय, तर मागधारक आपले माग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवत होता. मी चौकशी केली. जुन्या शेडच्या मालकाने भाडे वाढवले होते, म्हणून त्याने नवी जागा घेतली होती. वीजजोड त्याच्याच नावे होता, कामगार तेच होते. ''यात लबाडी दिसत नाही. दावा करा, पण हा अर्ज नको,'' असे मी सांगितले. त्यांना ते पटले नाही. ते दुसऱ्या वकिलांकडे गेले आणि जप्तीचा अर्ज दाखल झाला.

मागधारकाने भाडेकरार आणि विजेची बिले न्यायालयापुढे ठेवली आणि अर्ज फेटाळला गेला. परंतु तोवर व्हायचे ते नुकसान होऊन चुकले होते. अर्जाची वार्ता सूतबाजारात पसरली आणि इतर व्यापाऱ्यांनी त्याला उधारीवर सूत देणे थांबवले. दोन महिन्यांत माग बंद पडले. कर्जाचे हप्ते थकल्यावर बँकेने गहाण माग ताब्यात घेतले. आमच्या व्यापाऱ्यांना पुढे हुकूमनामा मिळाला, पण तो कोणत्या मालमत्तेवर बजावायचा, हा प्रश्नच राहिला. चालत्या मागातून जे पैसे कदाचित दोन वर्षांत आले असते, ते बंद मागातून कधीच आले नाहीत.

यात एक कायदेशीर धडाही आहे. जप्ती म्हणजे गहाण नव्हे. जप्तीमुळे मालमत्ता जागच्या जागी राहते, परंतु तीवर आपला पहिला हक्क निर्माण होत नाही. आधीच्या गहाणदार बँकेचा हक्क अबाधित राहतो. त्याच ऋणकोविरुद्ध इतरांचेही पैशाचे हुकूमनामे असतील आणि रक्कम न्यायालयात जमा होण्यापूर्वी त्यांनी दरखास्ती केल्या असतील, तर कलम ७३ प्रमाणे त्या रकमेची सर्वांत प्रमाणशीर वाटणी होते. अपुऱ्या कारणावर जप्ती मिळवली असे सिद्ध झाल्यास, कलम ९५ अन्वये प्रतिवादीला ५०,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. बाजारातील पत मात्र अशा भरपाईने परत येत नाही.

लंडनची एक गोष्ट

आपल्याकडे ही तरतूद संहितेतच होती. इंग्लंडमध्ये मात्र अगदी अलीकडेपर्यंत, प्रतिवादीची मालमत्ता निकालापूर्वी रोखून धरण्यास न्यायालये नकार देत असत. १९७५ साली हे बदलले आणि त्या बदलाच्या मुळाशी भारताकडे निघालेले एक जहाज होते.

'मरेव्हा' हे त्या जहाजाचे नाव. मालकांनी ते एका कंपनीला भाड्याने दिले होते आणि त्या कंपनीने भारतासाठी खताची वाहतूक करण्याकरिता ते भारत सरकारला दिले. सरकारने वाहतुकीच्या मोबदल्याचा मोठा भाग लंडनमधील बँकेत त्या कंपनीच्या खात्यावर जमा केला. कंपनीने मात्र जहाजमालकांचे भाडे थकवले. खात्यातील पैसा एका तारेसरशी परदेशी जाऊ शकला असता आणि मग निकालाला काही अर्थ उरला नसता. लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकारी न्यायाधीशांनी तो पैसा इंग्लंडबाहेर नेण्यास मनाई केली. तेव्हापासून अशा हुकुमाला त्या जहाजाचेच नाव पडले. १९९९ पासून इंग्लंडच्या नियमांत त्याला 'गोठवण्याचा मनाईहुकूम' असे म्हणतात.

आपल्या जप्तीत आणि त्या मनाईहुकुमात एक महत्त्वाचा फरक आहे. जप्ती ठरावीक मालमत्तेवर बसते. इंग्रजी हुकूम माणसावर बसतो. अमुक रकमेपर्यंतची तुमची मालमत्ता हलवू नका, असे त्या इसमास बजावलेले असते आणि तो मोडल्यास न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवासही होऊ शकतो. योग्य प्रकरणात तेथील न्यायालय प्रतिवादीच्या जगभरातील मालमत्तेपुरता असा हुकूम देते. आपल्यापैकी ज्यांच्या घरातील मुले परदेशी व्यापार करतात, त्यांनी करारातील 'वाद इंग्लंडच्या न्यायालयात चालतील' हे वाक्य सही करण्यापूर्वी लक्षपूर्वक वाचावे. तेथील वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे अंतिम हुकूमनामे आपल्या संहितेच्या कलम ४४अ खाली येथील जिल्हा न्यायालयामार्फत अंमलात आणता येतात.

हुकूमनाम्यानंतरचे दिवस

निकालापूर्वी काही करता आले नाही, तरी निकाल लागल्यावर एक दिवसही दवडू नये. अण्णांनी अडीच महिने घालवले. अपिलाची वाट पाहावी, असे त्यांना कोणी सांगितले होते. वस्तुतः केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी ऋणकोला वेगळी स्थगिती मागावी लागते आणि ती देताना न्यायालय त्याच्याकडून तारण मागते.

या टप्प्यावर धनकोच्या हाती जी साधने असतात, त्यांतील चार विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले, मालमत्तेचे शपथपत्र. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस अपूर्ण राहिला, तर आपल्या सर्व मालमत्तेचा तपशील शपथेवर द्यावा, असा आदेश न्यायालय आदेश २१, नियम ४१ अन्वये ऋणकोला देऊ शकते. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आधी उल्लेखिलेल्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की, पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्यापूर्वीच प्रतिवादीकडून असा तपशील मागवता येईल. ही सवलत मागण्याचे अनेक पक्षकारांच्या ध्यानातच येत नाही.

दुसरे, येण्यावरील मनाई. ऋणकोचे बँकेतील पैसे, किंवा त्याला तिसऱ्या व्यापाऱ्याकडून येणे असलेली रक्कम, यांवर नियम ४६ खाली मनाई आणता येते. बँकेने ते पैसे ऋणकोला देऊ नयेत आणि व्यापाऱ्याने ते चुकते करू नयेत, असा तो हुकूम असतो. पुढे नियम ४६अ प्रमाणे ती रक्कम थेट न्यायालयात भरण्यास त्यांना सांगता येते.

तिसरे, स्थावर मालमत्तेची जप्ती. येथे कोणी कुलूप लावीत नाही. ऋणकोने ती मालमत्ता विकू अथवा गहाण ठेवू नये आणि कोणी घेऊ नये, असा हुकूम नियम ५४ खाली निघतो. त्या जागेवर दवंडी पिटून तो जाहीर केला जातो आणि नक्कल दर्शनी भागी लावली जाते. अशा जप्तीनंतर केलेले खासगी हस्तांतरण, जप्तीखालील हक्कापुरते, कलम ६४ अन्वये शून्य ठरते. जप्तीपूर्वीच झालेले हस्तांतरण मात्र असे आपोआप रद्द होत नाही. ते धनकोंना बुडवण्यासाठी केले, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली सिद्ध करावे लागते आणि प्रामाणिकपणे मोबदला देऊन घेणाऱ्याला तेथे संरक्षण आहे. अण्णांच्या प्रकरणात मेहुण्याच्या खरेदीखताला आव्हान देता आले असते. परंतु साडेतीन वर्षांच्या दाव्यानंतर आणखी एक लढा लढण्याची उमेद त्यांच्यात उरली नव्हती.

चौथे, दुसऱ्या गावातील मालमत्ता. निकाल सांगलीचा आणि ऋणकोचे गोदाम पुण्यात, असे असल्यास दरखास्त तिकडे वर्ग होईपर्यंत वेळ जातो. कलम ४६ अन्वये, हुकूमनामा देणारे न्यायालय तेथील न्यायालयास आज्ञापत्र पाठवून ती मालमत्ता तात्पुरती जप्त करण्यास सांगू शकते. ही जप्ती दोन महिनेच टिकते. तेवढ्यात मुदत वाढवून घ्यावी, अथवा दरखास्त वर्ग करून विक्रीचा अर्ज करावा.

भागीदारीतील धंद्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका भागीदाराच्या वैयक्तिक कर्जासाठी पेढीचा माल जप्त होत नाही. त्याच्या हिश्श्यावर मात्र बोजा चढवता येतो. म्हणून उधारी पेढीला देत आहोत की व्यक्तीला, हे बिलावर पहिल्याच दिवशी स्वच्छ असावे.

बाजाराला आधी कळते

आता तिसरी हकीकत. मराठवाड्यातील एक भगिनी पतीच्या निधनानंतर डाळीची पेढी सांभाळत होत्या. एका गिरणीमालकाकडे त्यांचे ३१ लाख रुपये येणे होते. त्यांनी एक साधी वही ठेवली होती. गिरणीमालकाशी फोनवर काय बोलणे झाले, त्याने कोणता वायदा केला, दलालाने काय सांगितले, हे सारे त्या तारखेनिशी तीत लिहीत. दर दिवाळीला बाकीची कबुली त्याच्या सहीशिक्क्यानिशी घेत. एके सकाळी वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस त्यांच्या नजरेस पडली. गिरणीची जागा विकत घ्यायची असून कोणाचा हक्क वा हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे, असे कोणा वकिलांनी छापले होते.

त्याच दुपारी त्या माझ्याकडे आल्या. जाहीर नोटीस, बाकीची कबुली, न वटलेले दोन धनादेश आणि ''गिरणी विकून गाव सोडणार आहे'' असे ज्याला गिरणीमालकाने स्वतः सांगितले होते, त्या दलालाचे शपथपत्र, एवढे कागद घेऊन आम्ही दाव्यासोबतच अर्ज केला. न्यायालयाने कारणे दाखवा नोटीस काढून गिरणीच्या जागेवर सशर्त जप्ती आणली. जागा घेणारा सावध झाला. आठवड्याभरात गिरणीमालक तडजोडीस आला. १८ लाख रुपये न्यायालयात भरले गेले आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेची हमी मिळाली. जप्ती उठली, गिरणीचा व्यवहारही पुरा झाला. कोणाचे नाक दाबावे लागले नाही.

अण्णांपाशी होती ती सारी माहिती याही भगिनींपाशी होती. फरक इतकाच की, त्यांनी ती त्याच दिवशी कागदावर आणली. बाजाराला आधी कळते, न्यायालयाला मागाहून कळते. मधले अंतर कमी करणे हे धनकोचे काम आहे. त्यासाठी उधारी सुरू होतानाच काही नोंदी असाव्यात: ऋणको कोणत्या बँकेवर धनादेश काढतो, त्याचा जीएसटी क्रमांक, गोदामाचा पत्ता, सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर कोणाचे नाव आहे, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोनमध्ये अलीकडे कोणता व्यवहार नोंदला गेला. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणतः तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली घेतली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. आणि ऐकीव गोष्टीवर अर्ज करू नये. जो डोळ्यांनी पाहिले असे शपथेवर सांगेल, त्याचेच शपथपत्र जोडावे.

कायदा जेथे थांबतो

शेवटी, वसुली करणाऱ्याने विसरू नये अशी एक गोष्ट. कायदा ऋणकोचे सर्वस्व हिरावून घेऊ देत नाही. कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे बैल, अवजारे आणि बियाणे, आयुर्विम्याची रक्कम, सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतील ठेव, पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुष ऋणकोलाही केवळ तो गरीब आहे म्हणून कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून तो देत नाही, किंवा त्याने लबाडीने मालमत्ता दडवली आहे, हे दाखवावे लागते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले.

याच यादीत आणखी एक नोंद आहे: हिशेबाच्या वह्या. व्यापाऱ्याचे सर्व काही जप्त झाले, तरी त्याच्या खातेवह्या जप्त होत नाहीत. कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे, हे लिहिलेली वही त्याच्यापाशीच राहते.

अण्णा गेल्यावर त्यांचे कपाट मी आवरले. लाल कापडातील हुकूमनामा तसाच होता. त्याच्याखाली १९८६ सालचा रोजमेळ होता आणि भाद्रपदातल्या एका पानाच्या समासात अण्णांच्या बारीक अक्षरांत लिहिले होते: ''हरिपूर, दोन पेवे उघडली. माल लॉरीने गेला.'' वर तारीखही होती. ते पान त्याच आठवड्यात वकिलांकडे गेले असते, तर एवढी एक ओळ पुरेशी झाली असती की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. हमालांची शपथपत्रेही लागली असती. ते पान मात्र मी कार्यालयात काचेखाली ठेवले आहे. थकलेल्या येण्याची तक्रार घेऊन कोणी आले की प्रथम तेच दाखवतो आणि मग विचारतो, ''तुम्हांला हे केव्हा कळले?''